ठराव आणि पाणी : रावबहादूर सी. के. बोले यांच्या विधिमंडळातील कार्याचे स्मरण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या वर्षीच्या संमेलनात आपल्या भंडारी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आज्ञा शिरसावंद्य मानून आम्ही रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे नाव निवडले. दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. मंगळवारी हजारो भाविक त्या रस्त्याने जातात. नावाची पाटी सर्वांच्या दृष्टीस पडते. परंतु हे बोले कोण, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देणारा क्वचित आढळतो. आपल्या ज्ञातीच्या तरुणांनाही ते देता येत नाही, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

तथापि केवळ स्तुतिपाठ करावा, हा आमचा हेतू नाही. ज्ञातीच्या सभेत ज्ञातीच्या पुरुषाची स्तुती करणे फार सोपे असते. ऐकणाऱ्यालाही त्यात आपला वाटा मिळाल्यासारखे वाटते. आम्हांस आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आपण निवडून दिलेला मनुष्य विधिमंडळात जातो, तो तेथे नेमके काय करण्यासाठी जातो? आणि त्याने केलेल्या कामाची किंमत आपण कोणत्या मापाने करावी? ह्या प्रश्नाचे जे उत्तर बोले यांच्या चरित्रात सापडते, ते आपल्याला सुखावणारे आहे तसेच थोडे अडचणीत टाकणारेही आहे. म्हणूनच ते सांगण्यासारखे आहे.

बोले यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातला. नव्वदीपलीकडचे दीर्घायुष्य लाभून १९६१ साली ते निवर्तले. म्हणजे गिरणगाव वाढताना त्यांनी पाहिले, दोन महायुद्धे पाहिली, स्वातंत्र्य पाहिले, १९५० साली अमलात आलेली राज्यघटना पाहिली आणि १ मे १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्यही पाहिले. एवढा मोठा कालपट ज्याच्या डोळ्यांपुढून सरकला, त्या पुरुषाची जडणघडण समजण्यासाठी त्या वेळची आपल्या ज्ञातीची स्थिती थोडी ध्यानात घेतली पाहिजे.

माडावर चढून पोय छेदावी, माडी काढावी, वाडी राखावी, थोडीफार शेती करावी, हा कोकणपट्टीतील भंडाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि त्यामागून आलेल्या वाढत्या कराने ह्या उद्योगाच्या मुळावरच घाव घातला. झाड आपले, श्रम आपले. परंतु झाड छेदावयाचे तर आधी सरकारचा परवाना घ्यावा आणि झाडामागे भरमसाट कर भरावा, अशी पाळी आली. शेतीकडे वळावे तर रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोतीचा जाच. कूळ राबणार आणि खोत धान्य नेणार. अशा दुहेरी कोंडीत सापडलेले आपले लोक गलबताने मुंबईस आले आणि गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत, कचेऱ्यांत मिळेल त्या कामाला लागले. दूरच्या सभागृहात झालेला एक कायदा गरिबाच्या चुलीपर्यंत कसा येऊन पोहोचतो, हा धडा आपल्या ज्ञातीने पुस्तकातून घेतला नाही. तो पोटावरून घेतला. बोले ज्या पिढीत वाढले ती हीच पिढी होय.

त्या काळच्या बहुतेक कार्यकर्त्यांप्रमाणे त्यांनीही ज्ञातीच्या उन्नतीच्या चळवळीत भाग घेतला. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. १९०९ च्या सुमारास मुंबईत ‘कामगार हितवर्धक सभा’ ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत आणि प्रमुख चालकांत बोले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करून १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली होती. पण लोखंडे १८९७ साली गेले आणि कामगारांचा वाली नाहीसा झाला. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर कामाच्या तासांना सूर्यास्ताचीही मर्यादा उरली नाही. १९११ च्या कारखान्यांच्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाची मर्यादा १२ तासांवर आणली, आणि ती त्या काळी मोठी सुधारणा समजली गेली! ह्यावरून आधीची दशा काय असेल ती कल्पनेनेच जाणावी. अशा काळात मजुरांची गाऱ्हाणी मालकांपुढे आणि सरकारपुढे मांडणे, तंट्यांत मध्यस्थी करणे, त्यांच्यात शिक्षणाची व काटकसरीची आवड उत्पन्न करणे, ही कामे ह्या सभेने केली. गिरणीच्या साच्यावर उभा असलेला मनुष्य केवळ भंडारी नव्हता. तो मराठा होता, कुणबी होता, महार होता, मुसलमान होता. कामगारांत काम करणाऱ्याला ज्ञातीच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकावेच लागते.

ह्याच्याही आधीचा एक प्रसंग चरित्रग्रंथांत नमूद आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनासाठी भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी भूषविले होते. त्या सभेत शिक्षक आणि ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. केळुसकरांची भेट सर्वांना ठाऊक आहे. अध्यक्ष कोण होते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दलित घरातील एका मुलाने एक परीक्षा उत्तीर्ण केली, एवढ्या गोष्टीसाठी सभा भरवावी आणि तिला आपण जावे, असे वाटणारी माणसे त्या मुंबईत थोडी होती. त्यांत आपला एक होता.

आता मुख्य विषयाकडे वळू. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्याचे कायदे कौन्सिल नव्या स्वरूपात आले. बोले ह्या कौन्सिलचे सभासद झाले. आजच्या विधानसभेची कल्पना मनात धरून त्या कौन्सिलकडे पाहता कामा नये. मताचा हक्क मालमत्तेवर आणि करावर ठरत असे. त्यामुळे बहुसंख्य लोकांना मतच नव्हते. अस्पृश्य गणलेल्या समाजाच्या हाती तर नाममात्र मते होती. राज्यकारभाराचे दोन भाग पाडलेले होते. पैसा, पोलीस, न्याय ही महत्त्वाची खाती गव्हर्नरच्या हाती राखीव. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे सोपविलेली.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. शाळेत नागरिकशास्त्र शिकविताना आम्हांला तो दरवर्षी फळ्यावर लिहावा लागत असे. विधेयक निराळे आणि ठराव निराळा. विधेयक संमत होऊन त्याला मंजुरी मिळाली की कायदा होतो. तो मोडणाऱ्याला न्यायालयात जाब द्यावा लागतो. ठराव ही सभागृहाने सरकारला केलेली शिफारस असते. ती स्वीकारावी, अर्धी स्वीकारावी की कपाटात ठेवावी, हे सरकारच्या मर्जीवर. म्हणजे ठराव मांडणारा सभासद हाती तलवार घेऊन उभा नसतो. त्याच्या हाती फक्त शब्द असतात. आणि म्हणून ते शब्द तोलून-मापून योजावे लागतात.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव कौन्सिलने संमत केला. त्याचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण केलेल्या मंडळांकडून चालविली जाणारी सर्व पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने, यांचा उपयोग करण्यास अस्पृश्य वर्गांना मोकळीक असावी.

श्रोतेहो, ह्या शब्दयोजनेकडे लक्ष द्या. त्यात धर्मशास्त्राचा उल्लेख नाही. कोण उच्च, कोण नीच, ह्या वादात ठराव शिरत नाही. दया करा, भूतदया दाखवा, अशी विनवणीही त्यात नाही. प्रश्न एकच विचारलेला आहे : ही विहीर कोणाच्या पैशाने बांधली? ती जर सर्वांच्या पैशाने बांधली असेल, तर ती सर्वांची आहे. महाराने भरलेला पैसा तिजोरीत पडताना विटाळत नाही, त्याच पैशाने खणलेल्या तळ्याचे पाणी मात्र त्याच्या स्पर्शाने विटाळते, हे कसे? ह्या हिशेबी प्रश्नापुढे शास्त्री-पंडितांची पोथी निरुपयोगी ठरते. कारण तो प्रश्न धर्माचा नसून जमाखर्चाचा आहे. कर देणाऱ्या गरिबांच्या बाजूने आयुष्यभर हिशेब मांडलेल्या मनुष्यालाच असा मुद्दा सुचतो, असे आम्हांला वाटते.

ठरावाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खाजगी विहिरी त्यात नव्हत्या, देवळे नव्हती. कोणी असे म्हणेल की, ही भित्री सुधारणा झाली. आम्ही तसे म्हणणार नाही. जेवढे हक्काने मागता येईल तेवढे नेमके मागावे, म्हणजे नाकारणाऱ्याला पळवाट राहत नाही, ही त्यामागील दृष्टी होती.

ठराव संमत झाला. वर्तमानपत्रांत आला. पुढे काय झाले? सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने खातेप्रमुखांना आज्ञापत्र पाठविले की, सरकारच्या मालकीच्या व सरकारने चालविलेल्या ठिकाणांपुरता ह्या ठरावाचा अंमल करावा; नगरपालिका आणि लोकलबोर्डे यांना मात्र त्याचा स्वीकार करण्याविषयी सुचवावे. ‘सुचवावे’ ह्या शब्दातच सर्व मेख होती. पाणवठे बहुतांशी नगरपालिकांच्या व बोर्डांच्या ताब्यात. त्यांनी सूचना वाचली आणि फाइलीला लावली. काहींनी तर अनुकूल ठरावही केले. परंतु कागदावर खुल्या झालेल्या तळ्यावर घागर बुडविण्यास कोणी धजले नाही. कारण काठावर कागद उभा नसतो, माणसे उभी असतात.

अशा वेळी सामान्य सभासद काय करतो? त्याचे काम झालेले असते. ठराव त्याच्या नावावर जमा झालेला असतो. सत्कार झालेला असतो. पुढच्या निवडणुकीच्या पत्रकात एक ओळ छापण्याची सोय झालेली असते. बोले यांनी तसे केले नाही. ते तीन वर्षे काय घडते ते पाहत राहिले, आणि ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव सभागृहापुढे आणला. ज्या नगरपालिका आणि जी बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असा त्याचा आशय होता. म्हणजे पुन्हा पैशाचाच मुद्दा! सर्वांच्या तिजोरीतून अनुदान घ्यावयाचे आणि पाणी मात्र काहींनाच द्यावयाचे, हे चालणार नाही. बोले यांच्या साऱ्या कारकिर्दीत आम्हांला ही तारीख सर्वांत मोलाची वाटते. पहिला ठराव आणण्यास सद्बुद्धी लागते. त्याचे काय झाले हे पाहून तीन वर्षांनी दुसरा आणण्यास चिकाटी लागते. सद्बुद्धीची माणसे पुष्कळ भेटतात.

ह्यापुढचा इतिहास बोले यांच्या हातून निसटून त्याहून मोठ्या हातांत गेला, आणि तसेच व्हावयास हवे होते. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाड नगरपालिकेने बोले ठरावाला अनुसरून १९२४ साली आपले चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक गृहस्थ त्या गावी होते. परंतु तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. परिषदेच्या शेवटी अनंतराव चित्रे यांनी सुचविले आणि सारा समुदाय शिस्तीने तळ्याकडे निघाला. बाबासाहेब पायऱ्या उतरले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतले. चार वर्षे कागदावर असलेला ठराव त्या क्षणी पाण्याला लागला.

त्यानंतर जे झाले ते लज्जास्पद होते. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. परतणाऱ्या निःशस्त्र माणसांवर लाठ्या चालल्या. स्त्रिया-मुलेही सुटली नाहीत. मागाहून शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला पूर्वीचा ठराव रद्द केला. ज्या तारखेला कौन्सिलने ठराव संमत केला, त्याच तारखेला, बरोबर चार वर्षांनी! योगायोग असेल, पण नुसत्या ठरावाचे आयुष्य किती असते, हे दाखविणारा तो योगायोग आहे. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरण्याच्या आधी काही सवर्ण गृहस्थांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. न्यायालयाचा मान राखून बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाण्याचे स्थगित केले. मात्र २५ डिसेंबर रोजी त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. ठराव १९२३ चा, न्याय १९३७ चा. एक ओंजळ पाण्याला चौदा वर्षे लागली.

ह्या सर्व प्रकरणात बोले यांचा वाटा किती? आम्ही तो फुगवून सांगणार नाही. महाडचा संग्राम बाबासाहेबांचा आणि मार खाऊनही संयम न सोडणाऱ्या त्यांच्या हजारो अनुयायांचा होय. त्या श्रेयात वाटेकरी होण्याचा आपल्या ज्ञातीला अधिकार नाही. परंतु त्या हजारोंच्या पायांखाली उभे राहण्यापुरती जी कायदेशीर जमीन होती, ती बोले यांनी आखून ठेवली होती. आम्ही कोणाचे काही बळकावीत नाही, कौन्सिलने आणि नगरपालिकेने मान्य केलेला हक्क बजावीत आहोत, असे त्या लोकांना ताठ मानेने म्हणता आले ते ह्या ठरावामुळे. विधिमंडळातील सभासदाचे काम बहुधा एवढेच असते. तो रस्ता आखतो. चालावे लोकांनीच लागते. पण आखलेला रस्ताच नसेल, तर चालणाऱ्याला चोर म्हणणे सोपे जाते.

बोले यांच्या नावाशी निगडित असलेल्या दुसऱ्या एका कार्याचाही उल्लेख केला पाहिजे. पूर्वी गावच्या वतनदार जोश्याला असा हक्क होता की, गावातील मनुष्याने त्याला न बोलाविता दुसऱ्याकडून, किंवा कोणाकडूनही न करविता, लग्नमुंज उरकले तरी त्याची दक्षिणा द्यावीच लागे. न दिल्यास तो दिवाणी दावा लावी आणि न्यायालये तो मान्य करीत. ज्याने काम केले नाही त्याला मोबदला, आणि ज्याची इच्छा नाही त्यावर भुर्दंड! सत्यशोधक मंडळींनी ह्याविरुद्ध पुष्कळ वर्षे लढा दिला होता. बोले यांनी कौन्सिलात ‘जोशी बिल’ आणले, आणि १९२६ च्या कायद्याने अशा न केलेल्या विधींच्या दक्षिणेवरील हक्क नाहीसा झाला. कोणी भटजी बोलवावा, कोणी बोलवू नये, ह्यात कायद्याने ढवळाढवळ केली नाही. काम केल्याशिवाय दाम नाही, एवढेच म्हटले. खोतीच्या जाचाविरुद्धही त्यांनी कौन्सिलात आवाज उठविला. तिन्ही प्रश्नांच्या तळाशी बोले यांचा एकच हिशेब दिसतो : पैसा ज्याचा, हक्क त्याचा, श्रम ज्याचे, फळ त्याचे.

आता अडचणीचा प्रश्न. आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध ज्ञातिबंधूंनी एकदा आम्हांला विचारले, “गुरुजी, बोल्यांनी हे सगळे दुसऱ्यांसाठी केले. आपली माणसे तेव्हा काय सुखात होती? आपल्यासाठी त्यांनी काय केले?” प्रश्न प्रामाणिक होता आणि तो अनेकांच्या मनात असतो. त्याला उत्तर दिले पाहिजे.

खोतीचा प्रश्न आपल्या कुळांचा होता, गिरणीचा प्रश्न आपल्या मजुरांचा होता, हे तर उघडच आहे. परंतु आमचे खरे उत्तर निराळे आहे. ‘सार्वजनिक पैशाच्या वस्तूवर प्रत्येक नागरिकाचा सारखा हक्क’ हे तत्त्व जेव्हा सर्वांत खालच्या मनुष्यासाठी मान्य होते, तेव्हा मधल्या पायरीवरील सर्वांसाठी ते आपोआप मान्य होते. ज्या शाळेत, कचेरीत, दवाखान्यात महाराचा मुलगा हक्काने शिरतो, तेथे माडकऱ्याच्या मुलाला दारात कोण अडविणार? आपण आज इतर मागासवर्गाच्या सवलती घेतो, आपली मुले त्यावर डॉक्टर-इंजिनिअर होतात. ह्या सवलतींच्या मुळाशी राज्याने दुर्बलांचा कैवार घ्यावा हेच तत्त्व आहे. भारताच्या घटनेचा १५ वा अनुच्छेद काढून पाहा. राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. १९२३ च्या ठरावातील विचारच तेथे अधिक व्यापक रूपाने उभा आहे, हे वाचणाऱ्याच्या सहज ध्यानात येईल. फरक इतकाच की, १९२३ साली ती शिफारस होती. १९५० पासून तो मूलभूत हक्क आहे.

आणि ज्यांच्यासाठी हा ठराव आणला, त्यांच्याकडून बोले यांना मतांची अपेक्षा करता येत नव्हती. कारण त्यांच्यापैकी फार थोड्यांना मत होते. उलट ज्यांना मत होते त्यांच्यापैकी अनेकांचा रोष मात्र पत्करावा लागणार होता. त्यांत आपलेही लोक असतील, हे विसरू नये. कोकणातील आपल्या वाड्यांवरील विहिरीदेखील त्या काळी सर्वांना खुल्या नव्हत्या. आपण अबकारीच्या अधिकाऱ्यापुढे आणि खोतापुढे दीन होतो, पण विहिरीच्या काठावर आपणही कोणाचे तरी खोतच होतो! बोले यांचा ठराव परक्यांना जेवढा बोचला तेवढाच स्वकीयांनाही बोचला असला पाहिजे. ज्ञातीच्या पुढाऱ्याने ज्ञातीला न रुचणारी गोष्ट सभागृहात उभे राहून बोलावी, ह्याला आम्ही ज्ञातीची खरी सेवा म्हणतो.

आता हे स्मरण आपल्या संस्थेच्या दारापर्यंत आणून आम्ही थांबणार आहोत. आज आपल्यापुढे सभागृह आणि अभ्यासिका बांधण्याचा संकल्प आहे. वर्गणीने सर्व खर्च भागणार नाही, म्हणून आमदार निधीतून साहाय्य मिळवावे, असा विचार कार्यकारी मंडळात चालू आहे. त्यात गैर काही नाही. आपले लोकप्रतिनिधी आपुलकीने साहाय्य करतीलही. परंतु त्याच बरोबर अभ्यासिकेत फक्त सभासद कुटुंबांतील मुलांनाच प्रवेश असावा, असा जो नियम मसुद्यात घातला आहे, त्याविषयी आम्ही आज ह्या व्यासपीठावरून आपले मत स्पष्ट सांगतो. ह्या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. आमदार निधी आमदारांच्या खिशातला नसतो. तो गावातील प्रत्येकाने विकत घेतलेल्या काडेपेटीवरच्या करातून आलेला असतो. त्या पैशाने बांधलेल्या खोलीच्या दारावर ज्ञातीचे कुलूप लावावयाचे आणि आत भिंतीवर बोले यांची तसबीर टांगावयाची, असे आपल्याला करता येईल काय? तसबीर काही बोलणार नाही. पण पाहणारा हसेल.

दोन मार्ग मोकळे आहेत. आपल्याच वर्गणीतून लहानशी अभ्यासिका बांधावी आणि ती आपल्यापुरती ठेवावी. त्यात कायद्याने कोणी हरकत घेणार नाही. किंवा सार्वजनिक निधी घ्यावा आणि दार सर्वांना उघडे ठेवावे. आम्हांस विचाराल तर आमचे मत दुसऱ्या मार्गाला आहे. संध्याकाळी दिव्याखाली बसून अभ्यास करणाऱ्या मुलांत एक बौद्ध वस्तीतला, एक कोळीवाड्यातला, एक मोहल्ल्यातला असेल, तर आपल्या मुलांचे नुकसान होणार नाही. झाला तर अभ्यासच अधिक होईल. १९०७ साली एका दलित विद्यार्थ्याच्या सत्कारसभेला जो गेला, त्याचे नाव त्या अभ्यासिकेला देण्याचा मग आपल्याला अधिकार पोहोचेल.

आणि एक विनंती तरुण मतदारांना. निवडणूक आली की ‘आपला माणूस’ ह्या दोन शब्दांनी आपले अर्धे विचार संपतात. आपला माणूस जरूर निवडावा. परंतु तो परत आला म्हणजे त्याला विचारावे : आपण सभागृहात कोणता प्रश्न उपस्थित केलात? त्याचे पुढे काय झाले? आणि काही झाले नसेल, तर आपण पुन्हा उभे राहिलात का? ज्याला ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येईल, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, तो आपलाच माणूस समजावा. बोले यांना ते देता आले होते. त्याची तारीख ५ ऑगस्ट १९२६ आहे.

अभ्यासिकेच्या नियमांचा मसुदा पुढील सर्वसाधारण सभेत येणार आहे. सभासदांनी त्या सभेला अगत्यपूर्वक उपस्थित राहावे आणि त्या कलमाला दुरुस्ती सुचवावी. सूचना आम्ही मांडू. अनुमोदन आपण द्यावे.